ही गाठ माझी नाही

बडोद्यात संक्रांतीपासून होळीपर्यंतचे दोन महिने हाताच्या कामाला फार चांगले असतात. सकाळी गारठा असतो, पण अकराच्या सुमारास ऊन ओसरीवर येते, हवा कोरडी असते, आणि सणामागून सण येत असल्यामुळे काय करायचे हे मुद्दाम शोधावे लागत नाही. ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या एका डे केअर केंद्रात मी कामाच्या टेबलाची जबाबदारी पाहते. त्याआधी बावीस वर्षे मी शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवली. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या काळात आम्ही त्या टेबलावर तीन कामे केली, आणि त्यांतल्या पहिल्या कामाच्या वेळी माझ्या हातून एक चूक झाली. असे काम सुरू करू पाहणाऱ्या कोणाला उपयोग होईल, म्हणून ते सगळे क्रमाने लिहीत आहे.

केंद्र डांडिया बाजारापासून फार लांब नाही, त्यामुळे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे मराठी आहेत. बाकीची गुजराती, आणि दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात. सकाळी मुलगा किंवा सून सोडून जाते आणि संध्याकाळी केंद्राची गाडी घरी पोहोचवते, म्हणून काही जण या जागेला कौतुकाने ‘आजी-आजोबांचे पाळणाघर’ म्हणतात. मला हा शब्द मनापासून नकोसा वाटतो. पाळणाघरातल्या मुलाला सगळे शिकायचे असते. इथे येणाऱ्याने सगळे करून झालेले असते, फक्त आता हात, डोळे किंवा स्मरण साथ देत नाही. त्या वर्षी माझ्या टेबलाशी चौदा जण बसत. दोघांचे हात कंपवाताने थरथरत, एका काकांचा डावा हात पक्षाघातानंतर मांडीवरच पडून असे, चार-पाच जणांना मोतीबिंदूमुळे किंवा मधुमेहाने अधू झालेल्या डोळ्यांमुळे नीट दिसत नसे, तिघांना विस्मरण होते, आणि गारठ्याच्या सकाळी बोटे आखडण्याची तक्रार तर जवळजवळ प्रत्येकाची होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी इंटरनेटवर पाहून हिवाळ्यातले म्हणून दाखवलेले एक काम टेबलावर ठेवले होते. कापसाचे गोळे चिकटवून बर्फाचा माणूस करायचा होता. रेल्वेत आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे माझ्याकडे परत देत म्हणाले, “ताई, हा तुमच्या नातवाला द्या.” ते रागावले नव्हते, पण त्यांनी त्या दिवशी दुसरे काहीही हातात घेतले नाही. ज्या वस्तूची कोणालाच गरज नाही ती करायला सांगणे म्हणजे समोरच्याचा वेळ जावा एवढीच आपली इच्छा आहे असे सांगणे होय, आणि हे त्यांना माझ्या आधी कळले होते.

खरे काम त्यानंतर चार दिवसांनी आपोआप समोर आले. केंद्रात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या गुजराती बेनची नात दहा महिन्यांची होती, आणि बेनला सुटी नसल्यामुळे तिची सून त्या बाळाला घेऊन दुपारी येऊन गेली. रावपुऱ्यातल्या आजींनी बाळाच्या गालाला हात लावला आणि विचारले, “हिची पहिलीच संक्रांत ना? मग बोरनहाण कधी?” बेनला बोरनहाण म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. पुढचा अर्धा तास टेबलावर कोणी कशालाच हात लावला नाही. पाच आजींनी एकमेकींचे बोलणे तोडत तिला समजावले की बाळाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे आणि रेवड्या ओततात, आणि आजूबाजूची पोरे ते वेचून खातात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही केले तरी चालते. रथसप्तमी त्या वर्षी ४ फेब्रुवारीला, मंगळवारी होती. दागिने आपणच करू, असे कोणी ठरवले हे आता सांगता येणार नाही, पण माझ्या मनात ते येण्याआधी टेबलावर ठरून गेले होते.

हलवा बाजारात मिळतो, आणि बहुतेक हलवा आम्ही विकतच आणला. तरीही थोडा घरचा हवा असा रावपुऱ्यातल्या आजींचा आग्रह पडला. त्यांचे वय ८४, आणि लग्नाआधी माहेरी दर पौषात त्या आईबरोबर हलवा करायला बसत असत. हलवा करणे हे मुळात पाहुणचार मागणारे काम आहे; घाई केली की ते रुसते. जाड बुडाच्या परातीत थोडेसे तीळ, साबुदाणा किंवा खसखस घेऊन अगदी मंद आचेवर ठेवायची, एकतारीपेक्षाही पातळ असा साखरेचा पाक त्यावर अर्धा-अर्धा चमचा घालायचा, आणि तो पाक दाण्यांवर सुकेपर्यंत बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक स्वच्छ पांढरा राहावा म्हणून साखर उकळताना चमचाभर दूध घालतात. त्याने मळी वर येते आणि काढून टाकता येते. पहिल्या दिवशी दाण्यावर नुसता पांढरा थर चढतो. काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलू लागतो, तोही हवा गार आणि कोरडी असेल तरच.

इथे एक अडचण होती, आणि ती प्रत्येक केंद्रात येईल. गरम परातीत बोटे फिरवण्याचे काम आजींना देता येत नव्हते. जुन्या मधुमेहाने त्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली होती, म्हणजे भाजले तरी त्यांना वेळेवर कळले नसते. म्हणून विस्तवाजवळ मी बसले आणि आजी माझ्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर खुर्चीत. त्यांना दाणे नीट दिसत नव्हते, पण ऐकू उत्तम येत होते. पाक घातला की दाण्यांचा आवाज जड होतो, ओल्या वाळूसारखा. सुकत गेला की तो हळूहळू मोकळा होत जातो, आणि शेवटी परातीत बारीक खडखड सुरू होते. “आता घाल,” असे त्या म्हणत तेव्हा मी घालत असे. एकदा मला दाणे सुकलेले दिसले म्हणून मी त्यांचे न ऐकता पाक घातला, तर सगळे दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला आणि ती खेप टाकून द्यावी लागली. तीन सकाळी बसून आमचा जेमतेम दोन वाट्या हलवा झाला. पण तो परातीतून काढून काळ्या कापडावर पसरला तेव्हा चौदाही माणसे खुर्च्या सरकवून पाहायला आली.

काळे कापड हा या कामातला माझ्यासाठी मोठा धडा ठरला. शाळेत मी मुलांना पांढऱ्या कागदावर काम करायला देत असे, आणि त्या सवयीने पहिल्या दिवशी मी दाणे पांढऱ्या स्टीलच्या ताटल्यांत वाटले होते. ज्यांना कमी दिसते त्यांना ताटलीत काहीच दिसेना. ते नुसते चाचपडत होते. हलव्याचे दागिने काळ्यावर करतात ते थंडीत काळा रंग ऊब देतो म्हणून, आणि पांढरा हलवा त्यावर खुलून दिसतो म्हणून. मी मंगळ बाजारातून आणलेल्या काळ्या कापडाचे चौकोन फाडून प्रत्येकाच्या ताटलीत घातले, आणि मोतीबिंदू असलेल्या आजोबांनी मान वर न करता सलग वीस दाणे निवडले. आता काम कोणतेही असो, वस्तू गडद असेल तर खाली पांढरे आणि वस्तू फिकी असेल तर खाली काळे हा नियम मी मोडत नाही.

बाकीच्या सोयीही अशाच साध्या होत्या, आणि कोणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा ठेवल्या होत्या. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. पाणी किती गरम आहे हे मी आधी माझ्या कोपराने पाहायचे. ताटली सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके पिळून अंथरायचे. कंपवाताचे हात टेबलावर कोपर टेकवले की बऱ्यापैकी स्थिर होतात, म्हणून त्या दोघांच्या खुर्च्यांवर उशा घालून त्यांना उंच बसवले. एका हाताने काम करणाऱ्या काकांसाठी दोऱ्याचे एक टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्याने टेबलाच्या कडेला अडकवले. ज्यांना विस्मरण होते त्यांच्यापुढे एका वेळी एकच वस्तू आणि एकच कृती ठेवली: फक्त मोठे दाणे वेगळे काढा, आणि ते झाले की पुढचे सांगू. एक आजी निवडलेले दाणे परत मिसळून पुन्हा निवडत असत, आणि त्यांना तसे करू देण्यात काहीच बिघडत नव्हते.

चिकटवायला मैद्याची खळ केली. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड लागत नाही, पण मोरचूद विषारी असते, म्हणून आम्ही ती घातली नाही आणि रोज ताजी खळ शिजवली. हा निर्णय किती योग्य होता हे दुसऱ्याच दिवशी कळले. विस्मरण असलेल्या एका आजोबांनी वाटीतली पांढरी खळ पाहिली, चमचा शोधला, आणि दोन घास खाऊन ‘खीर अळणी झाली आहे’ असे सांगितले. बाजारातला डिंक असता तर काय झाले असते, या विचाराने मला रात्री झोप आली नाही. त्यानंतर खळ वाटीत न ठेवता बाटलीच्या झाकणात, तीही एका वेळी बोटभरच, द्यायला लागले.

दागिने दोन तऱ्हांनी केले. मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्टा हे पुठ्ठ्यावर काळे कापड लावून, कडेने सोनेरी लेस लावून आणि त्यावर हलवा चिकटवून केले; हे काम बहुतेकांना जमते. गळ्यातला हार आणि बांगड्या मात्र दोऱ्यात गुंफायच्या, असे रावपुऱ्यातल्या आजींनी सांगितले. हलव्याच्या दाण्यात सुई घालता येत नाही, तो फुटतो. दोन दोरे समांतर घ्यायचे, त्यांच्या मध्ये दाणा धरायचा, दोरे त्याच्या काट्यांत बसवून पलीकडे गाठ मारायची, मग पुढचा दाणा. एका विताच्या हाराला चाळीसच्या आसपास दाणे लागतात आणि तितक्याच गाठी. त्या आजींच्या बोटांचे सांधे सुजलेले होते आणि दिसत तर फारच कमी होते, पण गाठ त्या डोळ्यांनी मारत नव्हत्या. डाव्या अंगठ्याच्या नखाने दाणा दाबून धरायचा, उजव्या हाताने दोरा दोनदा फिरवायचा आणि शेवटी दोरा ओठांत धरून हलकेच ओढायचा, अशी त्यांची पद्धत होती. एका सकाळी सहा-सात दाणे होत. कधी चार. गाठी सैल असत, काही ठिकाणी दोन दाण्यांमध्ये बोटभर दोरा मोकळा सुटे, आणि हार एका बाजूला पिळला जाई.

माझी चूक इथे झाली. ३० जानेवारीच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो हार हातात घेतला. चार दिवस उरले होते, हार अर्धाही झाला नव्हता, आणि आहे तो बाळाच्या गळ्यात घालताना सुटेल अशी मला भीती वाटली. मी तो घरी नेला. रात्री जेवणे झाल्यावर बसून सैल गाठी सोडवल्या, दाणे सारख्या अंतरावर घेतले, पुन्हा गाठी मारल्या आणि वर आणखी दहा दाणे गुंफून ठेवले. मला वाटले, आजींना कळणार नाही. त्यांना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हार नेहमीप्रमाणे हातात घेतला, आधीच्या दाण्यांवरून बोट फिरवत शेवटच्या गाठीपर्यंत जायची त्यांची सवय होती, तसे बोट फिरवले, आणि तिसऱ्या-चौथ्या दाण्यावरच त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग हार ताटलीत ठेवला आणि म्हणाल्या, “ही गाठ माझी नाही.” आवाज चढलेला नव्हता. मी खरे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि हात पदराखाली घेतले. तो दिवस आणि त्यानंतरचा शनिवार त्यांनी कशालाच हात लावला नाही. बोलत होत्या, चहा घेतला, इतरांना हवे-नको सांगितले, पण ताटली पुढे केली की “असू दे” एवढेच म्हणत. शाळेत मी मुलांच्या पिशव्यांच्या शिवणी प्रदर्शनाआधी हजार वेळा उसवून सरळ केल्या असतील आणि त्या मुलांनी मला आनंदाने धन्यवाद दिले असतील. मुलाला वाटते, आपल्याला पुढे जमेल. ८४ वर्षांच्या बाईला आपण उसवून दाखवतो ते हे की, आता तुमच्याकडून झाले तेवढे पुरे नाही.

रविवारी केंद्र बंद असते, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. सोबत हार नेला होता. माझ्या सगळ्या गाठी मी त्यांच्यासमोर सोडवल्या, दाणे काळ्या कापडावर मोकळे केले, आणि विचारले की हार छोटा झाला तरी चालेल का, की बाळाच्या हातातली एक बांगडी करायची. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुनेला दोरा आणायला सांगितला, केंद्रातला नको, घरातला, जाड, आणि “बांगडीच कर, तिला अकरा दाणे पुष्कळ झाले” असे म्हणून सुरुवात केली. ती बांगडी सोमवारी दुपारी पूर्ण झाली. हार काकांनी केला, चिमटा आणि उजवा हात यांच्या आधाराने, पुठ्ठ्याच्या गोलावर खळीने चिकटवून. तेव्हापासून माझा कडक नियम आहे: टेबलावरून कोणी उठून गेल्यावर त्याच्या कामाला हात लावायचा नाही. आधार द्यायचा असेल तर तो काम सुरू व्हायच्या आधी द्यायचा, किंवा त्याला विचारून, त्याच्यासमोर.

रथसप्तमीच्या सकाळी एका आजींनी पाटावर रांगोळीने सात घोड्यांचा रथ आणि सूर्य काढला, अंगणात दूध उतू घालवले आणि मग बाळाला पाटावर बसवले. बाळ रडेल असे सगळ्यांना वाटत होते. ते दोन्ही हातांनी मुकुट काढून तोंडात घालायच्या खटपटीत होते. चिकटवलेला हलवा खायचा नाही आणि गुंफलेला खायला हरकत नाही, असे आम्ही आधीच सांगून ठेवले होते, पण इतक्या लहान बाळाच्या घशात दाणा अडकू शकतो म्हणून आई जवळच बसून होती. बोरे उधळली तेव्हा ती वेचायला केंद्राच्या आसपासची सहा-सात मुले आली होती, आणि आमच्यातले दोन आजोबा खुर्चीतून वाकून वेचत होते.

दुसरे काम पतंगांचे. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, आकाशात पतंग मावत नाहीत, आणि पुढचे कित्येक आठवडे ते झाडांवर, तारांवर आणि गच्च्यांवर अडकून राहतात. शेजारच्या इमारतीतल्या मुलांनी आमच्यासाठी दोन पोती फाटके पतंग गोळा करून दिले. ते टेबलावर येण्याआधी मी एकटीने, हातात जाड मोजे घालून, प्रत्येकाचा मांजा कापून टाकला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, पण काच लावलेला साधा मांजाही म्हाताऱ्या कातडीला पुरतो. ती कागदासारखी पातळ झालेली असते, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर लहानशी चीरही लवकर थांबत नाही.

नंतरचे काम सोपे होते. उभी काडी, जिला इकडे ढड्ढा म्हणतात, आणि वाकलेली कमान काढून घ्यायची, कागद तळहाताने सपाट करायचा आणि फाडायचा. कात्री मुद्दाम दिली नाही. पतंगाचा कागद सरळ फाटतो, फाडताना त्याचा आवाज येतो, आणि थरथरत्या हाताने फाडलेली कड सगळ्यांच्याच कडेसारखी दिसते. ते तुकडे पातळ खळीने पश्चिमेच्या खिडकीच्या काचांवर चिकटवले, एकावर एक थोडे चढवत. गुजराती आजोबांनी फाटलेले मोठे पतंग मात्र फाडू दिले नाहीत. त्यांनी गुंदरपट्टी, म्हणजे डिंक लावलेली कागदी पट्टी, मागवली आणि एकेक पतंग जोडून, किन्ना म्हणजे कन्नी बांधून, मुलांना परत पाठवला. दुपारी तीननंतर खिडकीतून ऊन आले की लाल, पिवळे, जांभळे तुकडे जमिनीवर पडत. खळ अळणी म्हणणारे आजोबा रोज त्या वेळी खुर्ची तिथे न्यायला सांगत आणि आपले धोतर कोणत्या रंगाचे झाले ते पाहत बसत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात केसुडा आला. पळसाला बडोद्यात सगळे केसुडाच म्हणतात; पावागढच्या बाजूला या दिवसांत झाडांवर पान दिसत नाही, नुसती केशरी फुले. वाळलेली फुले गांध्याच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानातही मिळतात. आम्ही शंभर ग्रॅम फुले तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी अर्धा तास मंद उकळली आणि गाळली. एका आजोबांच्या वडिलांनी कलाभवनात रंगाईचे शिक्षण घेतले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या या संस्थेचे पहिले प्राचार्य प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, आणि रंगाई हा तिथला महत्त्वाचा विषय होता. वडिलांकडून ऐकलेले आजोबांच्या नीट लक्षात होते: कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले नाही तर रंग पहिल्या धुण्यातच जातो, आणि केसुड्याच्या पिवळ्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की ते केशरी होते. चुना मी घातला, कारण तो कातडीला जाळतो. पाण्याचा रंग पालटताना मात्र सगळ्यांनी पाहिला, आणि आजोबांनी ‘बघा’ असे म्हटले तेव्हा ते वर्गात शिकवत आहेत असे वाटले.

पांढरे सुती हातरुमाल रंगवायचे ठरले होते, धुळवडीला घरी नेण्यासाठी. नुसते बुडवण्यापेक्षा बांधणी करू, असे गुजराती आजींनी सुचवले: रुमालात हरभरा धरायचा आणि त्याच्याभोवती दोरा आवळून गाठ मारायची, म्हणजे तेवढी जागा पांढरी राहते. मी रावपुऱ्यातल्या आजींकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे न पाहता दोरा उचलला. डाव्या अंगठ्याच्या नखाने हरभरा दाबला, दोरा दोनदा फिरवला, ओठांत धरून ओढला. दोन सकाळी त्यांनी नऊ हरभरे बांधले. इतरांच्या रुमालांत वीस-वीस होते.

धुळवड १४ मार्चला, शुक्रवारी होती, म्हणून बुधवारी सगळे रुमाल सुकून टेबलावर आले आणि गाठी सोडवायला बसलो. ओल्या दोऱ्याची गाठ सुकली की दगडासारखी घट्ट होते. बहुतेकांनी माझ्याकडून कात्रीने दोरे कापून घेतले. आजींना विचारले, तर त्यांनी नको म्हटले. त्या एकेक गाठ नखाने उकलत होत्या, आणि मी शेजारी बसून होते. पाच वाजता घरी सोडणारी गाडी आली तेव्हा सात गाठी सुटल्या होत्या. चालकाने दोनदा हॉर्न वाजवला. बेनने बाहेर जाऊन त्याला थांबायला सांगितले, आणि तो आत येऊन पाणी पिऊन भिंतीशी उभा राहिला. आठवी सुटली. नवव्या गाठीतला हरभरा भिजून फुगला होता आणि निघता निघेना. आजींनी तो रुमाल तसाच, त्या एका गाठीसह, घडी करून कमरेला खोचला आणि “ही घरी गेल्यावर” असे म्हणून काठी मागितली.